अडतीस, बावन्न, एकोणतीस

ओलिताचं पाणी पाट फोडून पांदणीत आलं,
चिखल झाला, त्यात सुजलची पावलं उमटली.
मी दारव्ह्याच्या मोजणी ऑफिसातला शिपाई,
वीस वर्षं लोकांच्या धुऱ्यावर फीत धरून उभा.
खिशात फीत होतीच.
उकिडवा बसलो, मोजली.
अडतीस सेंटिमीटर. बावन्न. एकोणतीस.
मग एक पाऊल आडवंच, तुरीकडे,
तिथं काय होतं कोण जाणे.
पुढं नुसते चवडे, सहा ठिकाणी,
टाच कुठंच नाही.
पोरगं जमिनीला नुसतं विचारून गेल्यासारखं,
टेकलं नाही.

त्याची आई चपलेवरून सांगते:
"डावी पुढून गेली, उजवी कडेनं.
दोन महिन्यांत दुसरा जोड."
शाळेच्या रांगेत तो पुढच्याच्या टाचेवर पाय देतो,
नाहीतर चार हात मागं राहतो.
नेवारे मॅडम चांगल्या आहेत, मारत नाहीत,
एवढंच म्हणतात, लक्ष नाही त्याचं.
आणि मी, बाप,
रोज सकाळी घरातून ओरडत निघालो:
"पायाकडे पाह्य बे! खाली पाह्य!"
त्यानं खाली पाहिलं की तो पडायचा.
या दोन गोष्टी नऊ वर्षांत
मला एका रेषेत धरता आल्या नाहीत.

यवतमाळला डोंगरदिवे बाईंनी
व्हरांड्यात कागदाची लांब पट्टी अंथरली,
त्याच्या तळपायांना निळा रंग लावला, म्हणाल्या, चाल.
कागद पाहून मला लाज वाटली.
कोंबडी फिरून गेल्यासारखा.
त्यांनी दुसरी पट्टी अंथरली.
"आता शंभरातून तीन-तीन कमी करत ये. मोठ्यानं."
सत्त्याण्णव. चौऱ्याण्णव. एक्क्याण्णव.
अठ्ठ्याऐंशीला अडखळला,
जिभेनं. पायानं नाही.
कागदावर पावलं तिफणीच्या तासासारखी गेलेली.
मी बाईंकडे पाहिलं.
त्या म्हणाल्या, सगळ्या लेकरांचं असं होत नाही,
काहींचं उलट होतं, याचं असं झालं,
लिहून घेते.

परतीच्या एसटीत तो खिडकीशी झोपला,
पाय झोपेतही हलत होते.
मला जुनी साखळी आठवली, सोळा आण्यांची.
उन्हात लोखंड थोडं लांबतं,
आम्ही ते हिशेबात धरायचो, साखळीला कोणी रागवायचं नाही.
पोराच्या पावलात काय हिशेबात धरायचं
ते कुठल्याच साहेबानं शिकवलं नव्हतं,
आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाट फुटकाच होता.
मी ओरडलो नाही. म्हटलं,
"सुजल, गट नंबर सांगत चाल. नंबर, मंग मालक."
त्याला सगळे पाठ, माझ्या जेवतानाच्या बडबडीतून.
"चव्वेचाळीस, ढोकणे. पंचेचाळीस, चिरडे काका.
सेहेचाळीस एक. सेहेचाळीस दोन, भांडणाचा."
मी मागून, चिखलाकडे बघत.
टाच.
गोल, पुरती, कडेला पाणी साचलेली टाच.
मग आणखी एक.
सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस,
मी श्वास धरून चाललो, जसा कोणी
दुसऱ्याच्या हातातल्या दुधाच्या गंजाकडे बघत चालतो.

एक्कावन्नला तुरीतून तित्तर उडालं.
बावन्न राहूनच गेला.
तो तिकडं, आडवा, चवड्यांवर,
दप्तर एका खांद्यावर, तोंडानं तित्तरासारखाच आवाज करत.
मी फीत खिशातून काढली नाही.
शाळेची घंटा झाली तरी काढली नाही.

आठ दिवसांत पांदण वाळून कडक झाली.
काळ्या मातीत सगळं पक्कं बसलं,
टाचा एक्कावन्नपर्यंत, पुढं चवडे,
आणि बाजूनं माझे बूट, तेही फार काही सरळ नाहीत.
बंडी आली की मी आडवा उभा राहतो.
"चाक जरा तिकडून घे ना भाऊ."
"काऊन? काय हाय तिथं?"
"मोजणी सुरू हाय," म्हणतो.