कलम अकरा

हेस्टविका गावाने सार्वजनिक कोठार मोडायला काढलं
आणि त्याच्या पैशावर बचत बँक उभी करायचं ठरवलं,
तेव्हा आत एकशे चाळीस पोती जव होते,
आणि उंदीर, ज्यांची नोंद मी केली नाही.
मी चर्चचा कारकून. अक्षर बरं,
म्हणून नियमावली माझ्या गळ्यात पडली.

जानेवारी. दिवस म्हणजे दुपारी दोन तास
खिडकीला चिकटलेलं राखाडी पोतेरं.
शाई गोठायची. दौत काखेत धरून बसायचो,
अंडं उबवावं तसा.
पाद्रीबाबा सांगत, मी लिही.
कलम एक, नाव. कलम दोन, उद्देश:
मोलकरणी, खलाशी, सुतार आदी गरिबांना
काटकसरीची सवय लागावी.
व्यापारी होल्टर म्हणाला, सवय आहे त्यांना. पैसे नाहीत.
हे इतिवृत्तात घेतलं नाही.

कलम सात: तिजोरीला तीन कुलपं, तीन किल्ल्या तिघांकडे.
एकाने उघडू नये, दोघांनी उघडू नये.
तिसरी किल्ली इसाक तांडेलाकडे,
जो फेब्रुवारीत कॉडमागे उत्तरेला जातो
आणि एप्रिलआधी तोंड दाखवत नाही.
यावर दोन संध्याकाळी खर्ची पडल्या.
शेवटी ठरलं, किल्ली त्याची बायको सांभाळील,
कागदावर नाव त्याचंच.

शेगडी पेटवायला योरुन यायची,
पाद्रीबाबांच्या घरची मोलकरीण,
हातांना साबणाच्या भेगा.
वाचता यायचं तिला, धर्मपाठापुरतं.
कलम अकरावर तिने बोट धरलं, कागदाला न टेकवता.
‘जो पुस्तक आणील त्याला पैसे?’
हो म्हणालो. पुस्तक हीच ओळख.
‘आणि माझं पुस्तक बापाने आणलं तर?’

मी शेगडीकडे बघितलं.
त्या रात्री कलमाला शेपूट जोडलं:
ज्याचे नाव पुस्तकात असेल, केवळ त्यालाच.
मग दौत पुन्हा काखेत, आणि मग:
किंवा तिलाच.
चौघांनी सह्या केल्या. वाचलं कुणीच नाही.
मसुदा बोटीने ख्रिस्तियानियाला गेला.

तेरा महिने.
कोठाराची लाकडं विकली गेली,
उंदीर घराघरांत पांगले,
तेवढीच काय ती वाटणी सगळ्यांना समान झाली.

मंजुरी आली. लाखेची मोहोर बशीएवढी.
लोक येऊन वास घेऊन गेले.
कलम अकराच्या शेपटावर एक रेघ, पट्टीने मारलेली,
आणि समासात कुणाचं तरी बारीक, देखणं अक्षर:
‘बँकेवर चौकशीचा भार पडू नये.’
अक्षर माझ्याहून चांगलं होतं.
राग खरं तर त्याचाच जास्त आला.

पहिला शनिवार, शाळेची खोली, चार ते सहा.
होल्टरने पन्नास डालर मोजून ठेवले,
मागच्या बाकापर्यंत ऐकू जातील असे.
योरुन सगळ्यांच्या शेवटी.
रुमालाची गाठ दातांनी सोडवली:
एक डालर, सतरा स्किलिंग.
मी नाव लिहिलं, आकडा, तारीख,
ओल्या शाईवर वाळू भुरभुरली, पुस्तक पुढे सरकवलं.
तिने नाव वाचलं. पुन्हा वाचलं, ओठ हलवत.
मिटलं, आणि माझ्याकडे परत सरकवलं.
‘हे इथेच राहू दे.’

नियमावलीत बावीस कलमं आहेत.
हे त्यांत कुठेच बसत नाही.
तिजोरी लागली होती, इसाकची बायको
किल्ली घेऊन गाईची धार काढायला गेलेली.
मी पुस्तक टेबलाच्या खणात टाकलं,
ज्याला साधी कडीसुद्धा नाही,
जवाच्या जुन्या पावत्यांखाली.

ईस्टरनंतर तिचा बाप आला.
टोपी छातीशी धरून उभा राहिला बराच वेळ.
म्हणाला, पोरीचं काही आहे म्हणतात इथे.

असेलही, म्हणालो मी.
पुस्तक घेऊन या.
कलम अकरा.