कुठेतरी पाणी मुरतंय

खोटं कशाला बोलू,
करमाळ्याला आमच्या बोअरचं पाणीही जडच होतं.
तिथे कुणी मनावर घेत नसे.
इथे मनाम्यात, गुदैबियाच्या तिसऱ्या मजल्यावर
मी नळाकडे संशयाने बघायला शिकले.

साबण हातावर फिरतो, फिरतो,
फेस नाही, नुसती चिकट साय.
भांडी लगेच पुसली नाहीत
तर वाळताना त्यांच्यावर चुन्याचे ठिपके उठतात.
शॉवरची अर्धी भोकं बुजली,
उरलेल्यांतून पाणी भलतीकडेच जातं,
एक धार थेट खुंटीवरच्या टॉवेलवर.
व्हिनेगरच्या पिशवीत त्याचं तोंड रात्रभर बांधून ठेवते,
घोड्याला तोबरा बांधावा तसं.

गीझर बिघडला तेव्हा दापोलीचा हुर्झुक आला.
कॉइल काढून फरशीवर ठोकली,
ओंजळभर पांढरी ढेकळं पडली.
"किती वर्षं झाली, वहिनी?"
"सहा."
"वाटलंच," म्हणाला, आणि तीन दिनार घेऊन गेला.

तसा जूनपासून गीझर बंदच असतो.
गच्चीवरची टाकी तापते,
आणि गार पाण्यासाठी आम्ही लाल खुणेचा नळ सोडतो.
पाहुण्यांना हे दोनदा सांगावं लागतं.

गोडं पाणी म्हणजे बाटला. वीस लिटरचा, निळा.
त्यातलं कुणाला किती, ते मी ठरवते.
चहाला मिळतं. तूरडाळीला मिळतंच,
नाहीतर सात शिट्ट्यांनंतरही
ती पाण्याला ओळख देत नाही.
राजम्याला नाही; त्याला नळाचं, आणि चिमूटभर सोडा.
आणि दर शुक्रवारी, गजेंद्र मासळी आणायला गेला की
एक पेला माझ्या केसांना. शेवटचा.
हा पेला हिशोबात कुठेच नाही.

कंगव्यात राहिलेल्या केसांची
मी बोटावर गुंडाळी करते.
गुंडाळी लहान झाली की वाटतं, पेला वसूल.

फेब्रुवारीत बाटला माझ्या अंदाजाआधी संपू लागला.
मी काजळाने त्याच्यावर रेघ मारली.
सकाळी पाणी रेघेच्या दोन बोटं खाली.
कुठेतरी पाणी मुरत होतं.
पण विचारायचं कसं?
त्याने उलट माझ्या पेल्याचं विचारलं असतं तर?

मग एका मंगळवारी पहाटे जाग आली.
हॉलमध्ये दिवा. वाफेचा सुस्कारा.
तो काळी पँट इस्त्री करत होता.
इस्त्रीच्या पोटात पेल्याने पाणी ओतत होता, जपून,
तान्ह्याला औषध पाजावं तसा.

नळाचं घातलं की ती मध्येच पांढरं थुंकते,
काळ्या कापडावर खडूची रेघ उठते,
ते मला माहीत होतं.
पण त्याच्या यार्डात
कंपनीचा निळा डगला घालून जातात.
काळी पँट तिथे कुणी घालत नाही.

मी परत जाऊन पडले.
भिंतीतून इस्त्रीचा आवाज येत राहिला
आणि मी मोजत राहिले, किती मंगळवार.

त्या रात्री डाळ नळाच्या पाण्यात लावली.
का, ते मलाही सांगता येणार नाही.
नऊ शिट्ट्या. तो दाणा न् दाणा चावत राहिला.
"आज डाळ..." म्हणाला,
आणि पुढचं वाक्य घासाबरोबर गिळलं.

शुक्रवारी डोक्यावरून नळाचंच घेतलं.
केस ताठ, काथ्यासारखे.
पेला भरून इस्त्रीत ओतला, झाकण दाबलं,
ती होती तिथेच, शेल्फवर, उभी करून ठेवली.

रविवारी पहाटे त्याने ती उचलली,
कानाशी धरून हलवली.
आत पाणी वाजलं.

बराच वेळ दिवा जळत होता.
बटण दाबल्याचा आवाज मात्र
खूप उशिरा आला.