मधली खुर्ची

दोघांच्या मध्ये, पण वीतभर मागे
माझी खुर्ची मांडतात.
फोटोत मी येत नाही. आलेच तर एक कान,
चष्म्याची काडी.

राष्ट्राध्यक्ष सिनिक्का रौतामाकी यांचं भाषण
माझ्या मांडीवर आहे, चार पानी.
त्यात ‘सहकार्य’ अकरा वेळा,
‘परस्परांचा आदर’ सात वेळा.
‘देव’ एकदाच होता.
हेलसिंकीहून निघताना यालमारींनी तो लाल शाईनं काढला.
म्हणाले, घरी हसतील.

हसतातच.
त्यांच्याकडे देव म्हणजे
मोठ्या माणसानं अंगठा चोखावा तसं,
कुणी बघत नसताना.
विमानात पाहिलं मी :
उकडलेल्या अंड्यापुढे बाईंचे हात जुळले, ओठ हलले,
आणि हवाई सुंदरी येताच
तेच हात घाईघाईनं मिठाची पुडी शोधू लागले.

आता ही कैरुआनची खोली.
बशीत खजुराचे मकरूद, मधानं चिकटलेले.
शेख तिजानी बिन रजब,
डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला,
आवाजाच्या दिशेला थोडं चुकून बघतात, म्हणजे माझ्याकडे,
आणि विचारतात,
“या बाई प्रार्थना करतात का?”

यालमारी घसा खाकरतात.
हा प्रश्न कागदावर नव्हता.

“करते,” बाई म्हणतात. “नीट जमत नाही.
वडील आमच्या बेटावर चर्चची घंटा वाजवायचे,
धुक्यात होड्यांना किनारा कळावा म्हणून.
बुडालेल्यांसाठीही वाजवायचे.
मी डोळे मिटले की ती ऐकते. मागत काही नाही.”

माझ्या भाषेत याला दोन शब्द आहेत.
एक दुआ : कुणीही, कधीही,
खरकट्या हातानंसुद्धा.
सोपा शब्द, कुणाला टोचणार नाही.
दुसरा सलात. आई मागच्या अंगणातून
हातपाय धुता धुता ज्यासाठी हाक मारायची तो.
एकोणीस वर्षं मी त्या हाकेला ओ दिलेली नाही.

पदरचं काही घालायचं नाही, असं माझा करार सांगतो.
पण दोन शब्दांतला कोणता उचलायचा
हे कुणी लिहून देत नाही.

मी दुसरा उचलला.

शेख हसले. दात फारसे उरले नव्हते.
“नीट जमते म्हणणारे माझ्याकडे पुष्कळ येतात.
मंत्रीसुद्धा.”
मग विचारलं, “घंटा कशी वाजायची?”

बाईंनी चमचा घेतला, चहाच्या पेल्यावर टेकवला :
एक. थांबून
दोन.
पुन्हा एक.
म्हाताऱ्यानं मान कलती केली.
मी वहीत काय लिहिणार? लिहिलं :
१० वाजून ४० मिनिटं, चमचा.

त्यानंतर चार पानं वाचली गेली.
अकराही ‘सहकार्यं’ मी इमानदारीनं पोचवली.
शेखांनी चाळीस मुलांच्या व्हिसाचं विचारलं,
नात आहे त्यांत, पाण्याचं शास्त्र शिकायचंय तिला.
बाई म्हणाल्या, “बघते.”
हा शब्द मी जसाच्या तसा दिला,
आणि शेखांना तो बरोब्बर कळला.

अजान झाली. ते भिंत चाचपत उठले.
बाई दाराशी थांबल्या, बूट हातात धरून,
घालावेत की नाही हे न कळून.

रात्री हॉटेलात मी हात धुतले,
मनगट, मग कोपरापर्यंत,
मग भान आलं की हे जेवणाआधीचं धुणं नाही.
नळ बंद केला.
टॉवेल शोधायला उगाच वेळ लावला.

घरी परतल्यावर एका पेपरात :
डोक्यावर रुमाल कशाला घेतला?
दुसऱ्यात :
प्रार्थना करते म्हणे, ही आपली अध्यक्ष!
फॉस्फेटचा करार आतल्या पानावर, दोन ओळी.
चाळीस मुलांचं कुठेच नाही.

तिसऱ्यात फोटो.
बाई हसतायत, शेख किंचित चुकीच्या दिशेला हसतायत,
आणि मध्ये, अर्धवट कापलेला,
माझा कान.