सोपी वाट

फलकावर लिहिलंय: सोपी वाट, दीड मैल, चढ नाही.
टिनिकमच्या दलदलीला खेटूनच विमानतळ.
रात्रभर तिथं खोकी उचलून
सकाळी मी इथं येतो,
पाठ काढून गाडीतच ठेवावी असं वाटत.

फळ्यांच्या पुलावर वेंडेल. निवृत्त पोस्टमन,
गळ्यात दुर्बीण, खिशात शेंगदाणे.
"बगळा दिसला?"
दिसला. गुडघाभर पाण्यात.
डोक्यावरून मालवाहू विमान गेलं
तरी मान हलवली नाही,
उसने मागायला आलेल्याचं
ऐकूच न आल्यासारखा.

पुढं वाटेच्या मधोमध कासवी.
मागच्या पायांनी खडी उकरतेय,
एकदा डावा, एकदा उजवा.
पळणारी बाई थांबली, कानातलं काढलं.
सायकलवाला उतरला.
वेंडेलनं टोपी हातात धरली, का कोण जाणे.

अंडी मी मोजली: सहा.
सातवं नीट दिसलं नाही.

कासवी नुसत्या नजरेनं पिल्लं वाढवते,
असं आई सांगायची.
हिनं माती ओढली, पोटानं दाबली
आणि एकदाही मागं न बघता
पाण्यात गेली.

माझ्या हातून रात्रीतून हजार खोकी जातात.
प्रत्येकावर बाण, ही बाजू वर.
इथं बाण नाही.
"पत्तासुद्धा नाही," वेंडेल म्हणाला,
आणि भोवती चार काटक्या रोवल्या.
"रॅकून शोधतातच. तरी."

दीड मैलाला आज अडीच तास लागले.
फलक खोटा नाही.
चढ नव्हताच.