प्रगणक गट सतरा

तालुक्याच्या नकाशात आमचा गट
एका अंगठ्याखाली झाकला जातो.
तहसीलातल्या बाबूने अंगठा उचललाच नाही.
म्हणाला, गुरुजी, हा तुमचा.
माणसं कमी, चाल जास्त.

खरं होतं.
बालाघाटाच्या पाठीवर जिथं मोटारसायकल दमते
तिथून गट सुरू होतो:
कुसळी गवत, तरवड, काळा खडक,
मधूनच एखादं हिवराचं झाड,
तेही वाऱ्याकडे पाठ करून.
माती इतकी उथळ की नांगराचा फाळ
वीतभर जातो आणि खणकन परत येतो.
एक विहीर एका घराला पुरते.
दोन घरांना नाही.
म्हणून घरं लांब लांब बसलीत,
भांडण झाल्यासारखी, पण तसं काही नाही.

शहादेवच्या घराचं आढं म्हणजे पाणलोटाची रेघ.
उत्तरेच्या पत्र्यावरचं पाणी गोदावरीला जातं,
दक्षिणेचं सीनेला, तिथून भीमेला.
हे सांगताना तो दोन नद्यांचा मालक दिसतो.
घरात माणसं किती?
"लिहायची असली तर पाच.
राहायची असली तर मी."

पवनचक्क्या चौदा. त्या मोजायच्या नसतात.
त्यांच्या राखणीला ईश्वर राठोड, पत्र्याच्या खोलीत.
"मला तांड्यावर लिहिलं असंल की."
नसलं तर?
तो वर बघतो. एक पातं खाली येतं, दुसरं वर जातं.
"मग इथंच लिहा. पण आईला कळू देऊ नका,
म्हणंल, पोरगं तिकडचंच झालं."

मोर पुष्कळ.
बाभळीखालून बघतात, साहेब आल्यासारखे,
आणि काम आठवल्यासारखे निघून जातात.

चार कुलपं.
त्यातल्या एकाला चिंधी गुंडाळलेली, गंजू नये म्हणून.
मी 'रिकामे' लिहिलं होतं.
ते खोडून 'बंद' लिहिलं.

संध्याकाळी केवळाबाईच्या ओट्यावर बेरीज केली:
एकेचाळीस.
तिने हाताचं पीठ झटकलं.
"कागदावर काय मोजायलास गुरजी,
दिवे लागू दे."

अंधार इथं वरून पडत नाही,
दऱ्यांमधून चढत येतो, गुरांच्या मागून.
मग लांब एक ठिपका. "शहादेव," ती म्हणाली.
दुसरा, "राठोडाचं पोरगं."
तिसरा, चौथा, बोटाच्या कांड्यांवर अंगठा सरकत गेला,
सहाव्या कांडीवर थांबला.

भाकर करपायला लागली. तिने उलटली नाही.
"गयबूचा नाही लागला."
लाइट गेली असेल, मी म्हटलं.
"बाकीच्यांची हाय की."
फोन लावू?
"रेंज मोरांना असती."
नवरा गेल्यापासून, म्हणाली, सातवा दिसल्याबिगर
तिनं पाठ टेकलेली नाही.

तिची बॅटरी मिळाली, काठी मिळाली
आणि माझ्या बेरजेतला एकेचाळिसावा
मी शोधायला निघालो.
ओढा, कुंपण, पुन्हा ओढा. एक कुत्रं
थोडं सोबतीला आलं, मग त्याची हद्द संपली.

गयबू पिंजारी दारात बसलेला,
पुढ्यात फुटक्या बल्बच्या काचा गोळा करून.
"मांजरानं पाडला. तुम्ही तर मला सकाळीच मोजलं."
हो म्हटलं, पण तिकडं...
त्याला लगेच कळलं.
आत जाऊन कंदील आणला. तेल नव्हतं.
मग माझ्या हातातली बॅटरी घेतली,
दारापुढच्या खडकावर चढला
आणि डोंगराकडे तोंड करून उभा राहिला,
हात वर, फोटोला उभं राहतात तसा ताठ.

बराच वेळ काही नाही.
वारा. चौदा पात्यांचा, की माझ्याच कानातला.
मग समोरच्या माथ्यावर केवळाबाईचा दिवा गेला.

"निजली," गयबू म्हणाला.
खाली उतरला. भिंतीशी उभी केलेली
दुसरी चटई त्याने झटकली.

त्याच्या घरापुढे मी एक लिहिलंय.
त्या रात्री आम्ही दोघं होतो.