पटाची घडी

शंकरपटाच्या हंगामात घडी माझ्याकडे असते.
या टोकाला धागा, त्या टोकाला धागा.
पहिला तुटला की आकडे पळायला लागतात,
दुसरा तुटला की थांबतात.
जोडी कोणाची, मालक कोण, कोणी किती गुलाल आणला,
घडीला काही ठाऊक नसतं.
म्हणून शालिक ढोमणे माझ्याकडे आला.

पट उठून आठवडा झालेला,
धुऱ्यावर अजून चहाचे कागदी कप.
त्याची पिकअप सात वर्षांची,
मागे सरकी ढेपेची चार पोती,
आणि स्टिअरिंगखाली, गुडघ्याजवळ खोचलेली
काडेपेटीएवढी डबी. हिरवा दिवा, लुकलुक.
"साडेतीन हजार," तो म्हणाला. "कुरिअरनं आली.
ताकद पस्तीस टक्के वाढते म्हनते,
अन् लिटरमागं चार किलोमीटर.
गाडीचं डोकंच बदलवते थे."

मग बदललं का?
"फरक तं हाय ना बावा! रेल्वेपुलाच्या चढावर
पयले तिसरा टाका लागे. आता चौथ्यातच चढते."
पयले मागे पोती किती होती,
ते मी विचारलं नाही.

दिव्यावर काळी पट्टी डकवली.
प्रत्येक फेरीआधी त्याला बाभळीखाली उभं केलं,
गाडीकडे पाठ करून.
कधी डबी खोचली, कधी काढली.
आठ फेऱ्या. धूळ बसली की पुढची.

चौथीला तो खिडकीतून ओरडला,
"आता हाय! पाय कशी उचलली!"
डबी माझ्या सदऱ्याच्या खिशात होती,
सुपारीच्या पुडीशेजारी.
सहावीला उतरला तो तोंड पाडून:
"काढली ना तू? मेल्यावानी चालली."
लावलेली होती.

वहीत लिहिलं:
नऊ सत्त्याण्णव, दहा शून्य एक,
नऊ चौऱ्याण्णव, नऊ नव्याण्णव,
खाली तसेच चार.
कोणता आकडा डबीचा, हे झाकून विचारलं असतं
तर मलाही सांगता आलं नसतं.

"हे पाय, चौऱ्यान्नव! डबीचंच ना थे?"
डबीचंच, भाऊ.
पण तेव्हा पाठीमागून वारा होता.

मग मी पोती उतरवायला लावली.
डबी खिशात.
नऊ साठ.
तो कितीतरी वेळ ढेपेकडे पाहत राहिला,
जणू पोत्यांनीच चुगली केली.

"पन अॅव्हरेज वाढला, थो?
तेराचे साडेतेरा झाले, लिवून ठेवलं मी."
डबी आल्यापासून तू साठच्या वर गेला का?
"काऊन जाऊ? अॅव्हरेज पाहाचा होता ना."

वर्ध्याचा अस्लम मिस्त्री सांगतो,
खऱ्या चिपाही असतात.
लॅपटॉप लावून इंजिनाला डिझेल जास्त पाजतात,
टर्बोला फुगवतात, गाडी खरंच उडते.
मग काळा धूर, मग क्लच, मग अस्लम मिस्त्री.
मला त्यातलं कळत नाही, बैलांचं कळतं.
शेपूट पिरगाळली की बैल पळते.
पण पिरगाळण्यात वैरण नसते,
पळायचं ते त्याला त्याच्याच अंगातून काढावं लागते.

मी म्हणालो, फोडून पाहू का डबी?
शालिकनं ती माझ्या हातातून घेतली,
फुंकर मारून धूळ उडवली,
काळी पट्टी नखानं हळूच सोडवली
आणि खोचली जाग्यावर.
दिवा लागला.
"राहू दे. पोरीले आवडते. काजवा म्हनते."

समोर काचेत लिंबू-मिरची टांगलेली होती.
तिचा अॅव्हरेज आम्ही कोणी काढला नव्हता.

पोती परत चढवायला मी हात लावला.
तिसरं पोतं उचलताना तो थांबला,
"बावा, तुया घडीचे सेल तं उतरले नसन?"

रात्री मी सेल बदलून पाहिले.