झडप

इनिस दोन आठवडे समुद्रात असतो, दोन आठवडे घरी.
तिकडे त्याच्या हाताखाली बसएवढे पंप,
तळातलं तेल वर ओढणारे.
इकडे अ‍ॅबर्डीनला माझ्या हाताखाली हा एकच:
साबणाच्या वडीएवढा,
मत्स्यटाकीमागे खिळ्याला लोंबणारा,
अहोरात्र भुणभुणणारा.

काम एवढंसंच.
काठावरून खाली उतरणाऱ्या वाकड्या नळीच्या
माथ्याशी जमणारा बुडबुडा
ओढून घ्यायचा, जमला की ओढून घ्यायचा.
हवा साचली तर नळीच्या तोंडचं पाणी पळतं,
आणि खालचा मोठा पंप, आज्ञाधारक बिचारा,
वर पाणी फेकतच राहतो.

मार्चमध्ये ते गालिच्यातून, फळ्यांमधून
खालच्या गेडिसांच्या पियानोपर्यंत पोचलं.
म्हातारा बोलला काहीच नाही.
पण जिन्यात भेटला की
अजून आधी वर बघतो, मग माझ्याकडे.

तेव्हापासून दर रविवारी चार स्क्रू,
व्हिनेगरची वाटी, इनिसचा जुना टूथब्रश.
मिठाची साय खरवडते.
आतली रबरी झडप मसुराच्या डाळीएवढी;
शिंक आली तर गेलीच.
एकदा बारक्या नळीत गोगलगाय अडकलेली,
जिवंत.
तिच्यावर ओरडले, इंग्रजीत नव्हे, आईच्या गेलिकमध्ये,
आणि परत टाकीत सोडली.

रात्री त्याचा फोन: चालू आहे ना गं?
मागे रिगची घरघर.
मी फोन टाकीमागे धरते,
दोन्ही यंत्रांना बोलू देते जरा वेळ.

आवाज थोडा खरखरीत येतोय, तो म्हणतो.
कुणाचा, ते मी विचारत नाही.